अंगावरचा कॅमेरा : निवड आणि विवेक

बेळगावकरांचा रविवार अलीकडे घरात फारसा रमत नाही. पहाटे सायकलने राजहंसगडाचा चढ चढणारे, पावसाळ्यात आंबोलीची नाहीतर चोर्ला घाटाची वाट धरणारे, दांडेलीला काळी नदीत रबरी तराफ्यातून उतरणारे आणि डिसेंबरात तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून पाण्याखालचे जग पाहणारे असे अनेक गट आपल्या परिसरात तयार झाले आहेत. त्यांत वैद्यकीय व्यवसायातील मंडळींचा भरणा पाहून आनंद होतो. दिवसभर दवाखान्याच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी ह्याहून स्वस्त आणि गुणकारी औषध दुसरे नाही. ह्या मंडळींकडून, तसेच बारावीची परीक्षा संपलेल्या मुलाला काय बक्षीस द्यावे ह्या विचारात असलेल्या पालकांकडून, एक प्रश्न हल्ली वारंवार कानी येतो : अंगावर बांधता येईल असा, पाऊस, धूळ आणि धक्के सोसणारा 'अॅक्शन कॅमेरा' कोणता घ्यावा?

प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एखादे नाव हवे असते. नाव सांगणे सोपे आहे. परंतु कंपन्या दरवर्षी नवा नमुना बाजारात आणतात आणि आज सांगितलेले नाव पुढच्या दिवाळीला जुने झालेले असते. निकष मात्र तितक्या लवकर बदलत नाहीत. रुग्णाला औषधाचे नाव सांगण्यापूर्वी आपण त्याचे वय, वजन आणि तक्रार विचारतो, त्याच पद्धतीने ह्या खरेदीचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

मूळ प्रयोजन

हातात धरलेला कॅमेरा माणसाकडून दोन गोष्टी मागतो : एक हात आणि सगळे लक्ष. सपाट जमिनीवर ह्या दोन्ही गोष्टी देणे परवडते. निसरड्या कड्यावर, वाहत्या पाण्यात किंवा उतारावर धावणाऱ्या सायकलवर मात्र त्यांचीच सर्वाधिक गरज असते. अंगावर बांधण्याचा कॅमेरा जन्माला आला तो ही मागणी संपवण्यासाठी. निक वुडमन हा अमेरिकन तरुण २००२ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवर लाटांवरून घसरण्याच्या खेळात रमला होता. फळीवर उभे राहून स्वतःच्या खेळाची छायाचित्रे कशी घ्यावीत, ह्या अडचणीतून त्याला मनगटावर कॅमेरा बांधण्याची कल्पना सुचली. २००४ मध्ये त्याच्या 'गोप्रो' कंपनीचा पहिला कॅमेरा बाजारात आला. तो ३५ मिलीमीटरच्या फिल्मवर चालणारा, मनगटी पट्ट्याचा, साधा कॅमेरा होता. २००६ मध्ये डिजिटल नमुना आला. त्यात जेमतेम १० सेकंदांचे चलचित्र मावत असे. २००९ मध्ये उच्च दर्जाचे चलचित्र टिपणारा नमुना आला आणि ह्या वस्तूला खरा बहर आला. पुढे 'डीजेआय' कंपनीने २०१९ मध्ये आपला 'ऑस्मो अॅक्शन' आणला, 'इन्स्टा३६०' ने अंगठ्याएवढे कॅमेरे बनवले, आणि ग्राहकासमोर निवडीचा प्रश्न उभा राहिला.

ह्या इतिहासातून पहिला निकष मिळतो. जो कॅमेरा एकदा चालू केल्यावर विसरून जाता येतो, तो चांगला. जो दर पाच मिनिटांनी आपल्याकडे पाहायला लावतो, तो कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नाही. पुढील सर्व मुद्दे ह्याच कसोटीवर तपासावयाचे आहेत.

तीन जाती

बाजारातील कॅमेऱ्यांच्या ढोबळमानाने तीन जाती करता येतील. पहिली जात चौकोनी डबीसारख्या कॅमेऱ्यांची. वजन साधारण दीडशे ग्रॅम. २०२३ चा 'हिरो १२' १५४ ग्रॅमचा, तर २०२४ चा 'ऑस्मो अॅक्शन ५ प्रो' १४६ ग्रॅमचा आहे. पाऊस, पाणी, सायकल, तराफा अशा बहुतेक कामांना ही जात पुरते. ज्याला एकच कॅमेरा घ्यावयाचा आहे, त्याने हिच्याच वाटेला जावे.

दुसरी जात अंगठ्याएवढ्या कॅमेऱ्यांची. 'इन्स्टा३६० गो ३' (२०२३) केवळ ३५ ग्रॅमचा, तर 'गो ३एस' (२०२४) ३९ ग्रॅमचा. सदऱ्याच्या आत लोहचुंबकाचे पदक ठेवून बाहेरून हा कॅमेरा चिकटवता येतो. विसरून जाण्याच्या कसोटीवर हा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होतो; मात्र त्याची बॅटरी लहान असल्याने सलग चित्रण फार वेळ चालत नाही. शिवाय लोहचुंबकाचा धोका आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तिसरी जात दोन भिंगांच्या, सर्व दिशांचे एकाच वेळी चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांची. कोणती दिशा दाखवावी हे घरी आल्यावर ठरवता येते, ही तिची मोठी सोय. पण तेवढेच घरी बसून करावयाचे कामही वाढते, आणि बाहेर आलेली गोल भिंगे खडकावर आपटली तर लगेच ओरखडतात. हौस आणि सवड दोन्ही असतील त्यांनीच हिच्याकडे वळावे.

ह्या कॅमेऱ्यांकडून काय अपेक्षू नये, हेही आधीच सांगितलेले बरे. त्यांचे भिंग फार रुंद क्षेत्र पाहते. त्यामुळे दरीचा विस्तार सुरेख येतो, पण दहा फुटांवरचा मित्र बोटभर होतो. आंबोलीला रात्री मलबार ग्लायडिंग बेडूक पाहावयास जाणाऱ्यांनी हा कॅमेरा घेतला, तर चित्रात पाने पुष्कळ आणि बेडूक एक ठिपका असे होईल. फार जवळ नेला तर चित्र पुसट होते. पक्षी, प्राणी आणि फुले ह्यांच्या छायाचित्रणासाठी निराळा कॅमेरा लागतो.

चित्र स्थिर कसे राहते?

आपण धावताना हातातले पुस्तक हलते, पण समोरचे झाड हलताना दिसत नाही. ह्याचे कारण आपणा वैद्यकीय मंडळींना परिचित आहे. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची प्रत्येक हालचाल टिपतात आणि डोळे तत्क्षणी विरुद्ध दिशेला तितकेच फिरतात. अॅक्शन कॅमेऱ्यातही नेमकी हीच योजना आहे. नलिकांच्या जागी जायरोस्कोप नावाचा सूक्ष्म संवेदक असतो. तो हादऱ्याची दिशा आणि मात्रा सांगतो, आणि कॅमेरा मूळ चित्राच्या कडा कापून आतली चौकट उलट दिशेला सरकवतो. २०१८ च्या 'हिरो ७' पासून ही युक्ती इतकी सुधारली, की सायकलच्या दांड्यावरचे चित्रणही पाहण्यासारखे होऊ लागले. खरेदी करताना सर्वप्रथम हाच गुण पाहावा. बाकीचे आकडे नंतर.

ह्या युक्तीला एक मर्यादा आहे आणि ती आपल्या घाटांत हटकून आडवी येते. दाट झाडीत प्रकाश कमी, पावसाळ्यात तर दुपारीही संधिप्रकाश. अशा वेळी पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक काळ डोळा उघडा ठेवतो. त्या अवधीत पाऊल पडले, की ते चित्र मुळातच फराटते. चौकट सरकवून हादरा झाकता येतो, फराटलेले चित्र स्पष्ट करता येत नाही. म्हणून आपल्या भागासाठी संवेदकाचा आकार महत्त्वाचा ठरतो. 'हिरो १२' चा संवेदक १/१.९ इंच म्हणून ओळखला जातो, तर 'ऑस्मो अॅक्शन ४' आणि '५ प्रो' ह्यांचा १/१.३ इंच. भाजकाचा आकडा जितका लहान, तितका संवेदक मोठा आणि अंधुक प्रकाशातील चित्र तितके बरे. राजस्थानच्या उन्हात हा फरक जाणवणार नाही; जुलैतल्या चोर्ला घाटात जाणवेल.

कोठे बांधावा?

कॅमेरा कोणता, ह्यापेक्षा तो शरीरावर कोठे बांधावा ह्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. वास्तविक चित्रणाची गोडी आणि शरीराची सुरक्षितता दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

डोक्यावर बांधलेला कॅमेरा आपण पाहू तिकडे पाहतो, हे ऐकायला आकर्षक आहे. पण आपण बोलता बोलता किती वेळा मान वळवतो ह्याची आपल्याला कल्पना नसते. नजर एकीकडून दुसरीकडे झेपावते तेव्हाचे मधले चित्र मेंदू गाळून टाकतो. कॅमेरा ते इमानाने दाखवतो. परिणामी घरी चित्रण पाहणाऱ्यांना मळमळू लागते. छातीवरचा कॅमेरा धडाबरोबर वळतो, धड मानेपेक्षा सावकाश वळते, आणि चौकटीत हात, सायकलचा दांडा किंवा वल्हे येत असल्याने पाहणाऱ्याला ठिकाण समजते. चालणाऱ्यांसाठी पाठपिशवीच्या खांद्यावरील पट्टीला लावण्याची चिमटी सर्वांत सोयीची. चालताना छाती मोकळी राहते आणि कॅमेरा काढण्या-घालण्याचा खटाटोप वाचतो.

आता सुरक्षितता. हेल्मेट बनवताना त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि गोलाकार ठेवतात, तो आघाताच्या वेळी डोके जमिनीवरून घसरून जावे म्हणून. त्यावर कठीण उंचवटा बसवला, की तो कशात तरी अडकून मानेला पीळ बसू शकतो. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मायकेल शूमाखर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे बर्फावर घसरताना खडकावर आदळला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर असाच कॅमेरा होता. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली असे काही सिद्ध झाले नाही. परंतु त्या घटनेने जगभर ह्या प्रश्नाची चर्चा झाली, हे योग्यच झाले. हेल्मेटला भोक पाडून कॅमेरा कधीही बसवू नये. चिकटपट्टीतील द्रावणे काही प्रकारच्या प्लास्टिकला कमजोर करतात, म्हणून हेल्मेटच्या उत्पादकाने मनाई केली असेल तर चिकटपट्टीही लावू नये. लावलीच, तर आघात होताच निखळणारी जोडणी निवडावी. कॅमेरा पडून फुटला तर दुसरा मिळतो.

मनगटावरील पट्टा पोहणाऱ्यांना सोयीचा. मात्र चालताना घसरलेला माणूस स्वाभाविकपणे तळहात टेकतो, आणि मनगटाचे अस्थिभंग का होतात हे अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना विचारावे. त्या क्षणी मनगटावर कठीण डबी नसलेली बरी. गळ्यात दोरीने कॅमेरा अडकवावयाचा असेल, तर झटका बसताच सुटणारी दोरीच वापरावी.

पाणी आणि दमटपणा

'जलरोधक' हा शब्द औषधाच्या वेष्टनावरील 'सुरक्षित' ह्या शब्दासारखा आहे. मात्रा विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. २०१६ च्या 'हिरो ५' पासून बरेच कॅमेरे वेगळ्या कवचाशिवाय १० मीटर खोलीपर्यंत टिकतात. 'ऑस्मो अॅक्शन ४' ची मर्यादा १८ मीटर, '५ प्रो' ची २० मीटर, तर चिमुकल्या 'गो ३' ची अवघी ५ मीटर आहे. दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. नवशिक्यांच्या पहिल्या स्कूबा अनुभवासाठी 'पाडी' ह्या प्रशिक्षण संस्थेने १२ मीटरची मर्यादा घातली आहे. म्हणजे तारकर्लीला बुडी मारणाऱ्याने १० मीटरच्या कॅमेऱ्यावर स्वतंत्र कवच चढवावयास हवे. ६० मीटरपर्यंत चालणारी कवचे मिळतात. पाण्याखाली तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि सगळे निळे-हिरवे दिसू लागते. त्यासाठी कवचावर लावण्याची तांबडी काच मिळते.

काळी नदीतल्या तराफ्यासाठी खोलीचा प्रश्न नाही. तेथे कॅमेरा हातून सुटला तर तळाशी जातो, हा प्रश्न आहे. तरंगणारी मूठ ही किरकोळ किमतीची वस्तू विसरू नये. ओल्या बोटांना स्पर्शपडदा नीट दाद देत नाही, म्हणून एकच मोठे बटण दाबून चालू आणि बंद होणारा कॅमेरा घ्यावा. दुकानात हे बटण डोळे मिटून सापडते का, ते पाहावे. चष्मा कपाळावर ढकलून पडद्यावरची बारीक अक्षरे वाचण्याच्या वयात आलेल्या आपल्यासारख्यांना ही परीक्षा विशेष उपयोगी आहे.

समुद्रातून आल्यावर कॅमेरा न उघडता गोड्या पाण्यात बुडवून धुवावा. बॅटरीच्या दाराच्या रबरी कडेवर केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरते. त्यामुळे हे दार पावसात किंवा किनाऱ्यावर उघडू नये. आपल्या पावसाळ्यात दमट हवा कवचात कोंडली जाते आणि थंड पाण्यात उतरताच भिंगासमोर वाफ धरते. कवच कोरड्या खोलीत बंद करावे आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. ही पुडी औषधांच्या बाटल्यांतून आपल्याकडे आपोआप जमतेच.

बॅटरी, उष्णता आणि कार्ड

लिथियम बॅटरी थंडीत लवकर दम तोडते. हिमालयात जाणाऱ्यांनी जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातील सामानातच नेता येतात. मोठ्या बॅगेत टाकून त्या सोडून देता येत नाहीत. उलट उन्हाळ्यात, वारा नसलेल्या जागी उच्च दर्जाचे सलग चित्रण केले, तर कॅमेरा तापून स्वतःच बंद पडतो. धावत्या सायकलवर वारा लागत असल्याने ही अडचण कमी येते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

कार्डाच्या बाबतीत काटकसर नको. मायक्रोएसडी कार्डावर 'व्ही३०' अशी खूण पाहावी; तिचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सातत्याने लिहिण्याची क्षमता. चित्रणाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट धरला, तर ६४ जीबीच्या कार्डात सुमारे ८५ मिनिटे, १२८ जीबीत सुमारे पावणेतीन तास मावतात. बनावट कार्डे बाजारात पुष्कळ आहेत; पावती देणाऱ्या खात्रीच्या दुकानातूनच घ्यावीत.

खोक्यावरचे आकडे

'४के' म्हणजे प्रत्येक चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू, तर जुन्या 'फुल एचडी' त सुमारे २१ लाख. घरातल्या दूरचित्रवाणीसाठी ४के पुरेसे आहे. त्यापुढील आकडे प्रामुख्याने कडा कापून चित्र सुधारण्याच्या कामी येतात. सेकंदाला किती चित्रे, हा दुसरा आकडा. १२० चित्रे घेऊन ३० च्या वेगाने दाखवली, की धबधबा चौपट संथ पडतो. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने काही दिव्यांखाली केलेल्या चित्रणात पट्टे किंवा लुकलुक दिसते. कॅमेऱ्यात ५० हर्ट्झचा पर्याय निवडून सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे ठेवली, की हा त्रास बहुतांशी जातो. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यांत हे अवश्य तपासावे.

पाच-सहा हजारांत '४के' लिहिलेले कॅमेरेही मिळतात. त्यांतील काही कमी बिंदूंचे चित्र घेऊन मधले बिंदू अंदाजाने भरतात आणि मग मोठा आकडा छापतात. चित्रस्थैर्याचा उल्लेख असतो, गुण नसतो. घेण्यापूर्वी दुकानदाराला कॅमेरा हातात धरून जिना उतरावयास सांगावे आणि ते चित्रण मोठ्या पडद्यावर पाहावे. एका मिनिटात निदान होते. नामवंत कंपन्यांचे कॅमेरे सर्वसाधारणपणे २५ ते ५० हजार रुपयांच्या दरम्यान पडतात. नव्या नमुन्याचा हट्ट नसेल, तर एक-दोन वर्षांपूर्वीचा नमुना घेऊन वाचलेल्या पैशांत जादा बॅटरी, चांगले कार्ड, छातीपट्टा आणि तरंगणारी मूठ घ्यावी. भारतातील हमीपत्र आहे की नाही, हेही पाहावे. परदेशी हमीपत्राचा येथे दुरुस्तीच्या वेळी उपयोग होईलच असे नाही.

घरात मुले असतील तर

बालरोगतज्ज्ञ म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो. अंगठ्याएवढ्या कॅमेऱ्यांबरोबर येणारी लोहचुंबके शक्तिशाली असतात. असे दोन सुटे चुंबक मुलाच्या पोटात गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढून धरतात. मधल्या भिंतीचा रक्तपुरवठा थांबतो आणि आतड्याला छिद्र पडू शकते. काही दूरनियंत्रकांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकते. ह्या वस्तू लहानग्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, आणि गिळल्याचा संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरातील ज्येष्ठांना पेसमेकर बसवला असेल, तर छातीवर चुंबकाचे पदक लावू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये चुंबक असलेले मोबाइल, घड्याळे अशी उपकरणे पेसमेकरपासून किमान सहा इंच दूर ठेवण्याचा सल्ला दिला आहे. तोच येथेही पाळावा.

लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू दुबळे असतात. त्यांच्या हेल्मेटवर दीडशे ग्रॅमचे ओझे चढवू नये. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाला कॅमेऱ्याचा छातीपट्टा बांधून आपण त्याला सुरक्षापट्टा बांधला, असा समज करून घेऊ नये. २०२२ च्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी दुचाकीवर खास सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आवश्यक आहे. कॅमेऱ्याचा पट्टा त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

खरी कसोटी

ह्यापुढचा मुद्दा कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर' ह्या नियतकालिकात भारतीय संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ ह्या काळात वृत्तपत्रांतून नोंदल्या गेलेल्या सेल्फीशी संबंधित १३७ दुर्घटनांत २५९ माणसे दगावल्याचे त्यात आढळले. सर्वाधिक मृत्यू भारतातले होते आणि सर्वांत मोठे कारण बुडणे हे होते. हा अभ्यास हातातल्या मोबाइलविषयी आहे, अंगावरच्या कॅमेऱ्याविषयी नाही. हात मोकळे असते, तर ह्यांतले काही जण वाचले असते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मरणारे सगळे केवळ हात गुंतल्यामुळे गेले नाहीत. कोणीतरी पाहणार आहे, ह्या भावनेने पाय एरवी गेला नसता तेथे गेला, हेही त्यांतील अनेकांच्या बाबतीत घडले असावे. अंगावरचा कॅमेरा हात मोकळे करतो. ही भावना त्याने कमी होत नाही, कदाचित वाढते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यावे. दूधसागर धबधब्याजवळ रुळांवरून चालणाऱ्यांची झुंबड इतकी वाढली, की जुलै २०२३ मध्ये दक्षिण-पश्चिम रेल्वेला प्रवाशांनी डब्यातूनच धबधबा पाहावा असे जाहीरपणे सांगावे लागले. रुळांवर उतरलेल्यांतील कित्येकांना धबधबा पाहावयाचा होता, त्याहून अधिक तो पाहत असल्याचे दाखवावयाचे होते.

ह्यावर माझ्या मते एक साधा उपाय आहे. निघण्यापूर्वी गटाने तीन गोष्टी ठरवाव्यात. आठ-दहा जणांत एकच कॅमेरा असावा आणि तो कोणाकडे असेल हे ठरलेले असावे. तो कोठे चालू आणि कोठे बंद होणार, ह्याचा निर्णय सपाट जमिनीवर उभे राहून घ्यावा. कड्यावर पोहोचल्यावर नाही. आणि कोणतीही उडी, कोणतीही चढाई करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : कॅमेरा घरी विसरला असता, तरी मी हे केले असते का? उत्तर नाही असेल, तर तेथून मागे फिरावे.

दुसऱ्यांचाही विचार हवा. हातातला कॅमेरा समोरच्याला दिसतो, छातीवरचा दिसतोच असे नाही. धबधब्यावर कपडे बदलणाऱ्या कुटुंबाला, वाटेतल्या वाडीवरच्या बाईला, दुसऱ्यांच्या मुलांना आपण नकळत टिपत असतो. लाल दिवा झाकू नये, विचारल्यास सांगावे, आणि नको म्हटल्यास पुसून टाकावे. तपासणीच्या खोलीत आपण रुग्णाची संमती घेतो; डोंगरावर गेल्याने ती सवय सुटण्याचे कारण नाही.

टिपलेल्याचे पुढे काय?

कार्ड भरभरून आणलेले चित्रण संगणकात जाऊन पडते आणि कोणीच पाहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याला उपाय हाच, की अर्ध्या-एक मिनिटाचे तुकडे टिपावेत, घरी आल्या आठवड्यात दहा मिनिटांचे एक संकलन करावे आणि दोन ठिकाणी जतन करावे. न ठरवता टिपलेल्या क्षणांची किंमत मोठी असते, हे आमच्या शाखेला चांगले ठाऊक आहे. आईने मोबाइलवर घेतलेले झटक्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण पाहून जे निदान होते, ते तासभराच्या वर्णनातून कधीकधी होत नाही. त्यात कोणी कॅमेऱ्यासाठी काही केलेले नसते, म्हणूनच ते खरे असते. डोंगरातले चांगले चित्रणही असेच असते : चढावर लागलेली धाप, पावसात पेटत नसलेली शेगडी, मागे राहिलेल्यासाठी थांबलेला मित्र.

तात्पर्य, प्रथम आपली वाट ठरवावी, मग तिला साजेशी जात. चित्रस्थैर्य, संवेदक आणि जलरोधाची खोली ह्या क्रमाने गुण पाहावेत. छातीवर किंवा पिशवीच्या पट्टीवर बांधावा. आणि बांधल्यावर त्याला विसरून जावे. कोकणकड्यावर ढग खालून वर येऊ लागतात, तेव्हा पाहण्याचे काम डोळ्यांकडेच असू द्यावे. कॅमेऱ्याला त्याचे काम ठाऊक आहे.